शोधवाक्याचं झाड

लातूरच्या भूकंपाचे आरोग्यावर काय परिणाम झाले, हे शोधायला बसलेल्या विद्यार्थ्याने पबमेड या वैद्यकीय लेखांच्या भांडाराच्या शोधचौकटीत 'भूकंप अँड किल्लारी ऑर लातूर' असे शब्द इंग्रजीतून टाकले, तर येणाऱ्या यादीत भूकंपाशी काडीचाही संबंध नसलेले लेख निघतात. कारण असं की, कंस दिला नसेल तर पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं. आधी ते भूकंप आणि किल्लारी यांची जोडी लावतं आणि मग त्या जोडीला 'ऑर'ने लातूर जोडतं. म्हणजे 'लातूर' हा शब्द जिथे कुठे आला असेल तो प्रत्येक लेख आत येतो. लेखकाच्या पत्त्यातलं लातूरही त्यात आलं. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी रक्तक्षयावर लिहिलं असो की मोतीबिंदूवर, पत्ता लातूरचा असल्याने लेख यादीत बसतो.

ही चूक एका ओळीत लिहिलेल्या शोधवाक्यात दिसत नाही. तेच वाक्य झाडासारखं मांडलं की लगेच दिसते. पबमेडला जे कळलं ते असं:

ऑर
├─ अँड
│　├─ भूकंप
│　└─ किल्लारी
└─ लातूर

आणि विद्यार्थ्याला जे हवं होतं ते असं:

अँड
├─ भूकंप
└─ ऑर
　　├─ किल्लारी
　　└─ लातूर

शब्द तेच, जोड तेच. फक्त कोणता जोड वर आणि कोणता खाली, एवढाच फरक. पहिल्या आकृतीत लातूर एकटं थेट मुळाला लटकलेलं आहे. भूकंपाची अट त्याला लागूच होत नाही, हे सांगायला तर्कशास्त्र शिकलेला माणूस लागत नाही. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे दिलेली वंशावळ ज्याने पाहिली आहे, त्याला कोण कुणाच्या खाली हे वाचता येतं, आणि इथेही तेवढंच वाचायचं असतं.

आता शब्दांचा क्रम बदलून 'किल्लारी ऑर लातूर अँड भूकंप' असं लिहिलं, तर पबमेडमध्ये उत्तर योगायोगाने बरोबर येईल. पण हीच ओळ वेब ऑफ सायन्स या दुसऱ्या भांडारात टाकली तर तिथे 'अँड'ला 'ऑर'च्या आधीचा मान आहे. ते लातूर आणि भूकंप यांची गाठ आधी मारतं आणि किल्लारी मोकळं सोडतं. एकच ओळ, दोन भांडारं, दोन वेगळी झाडं. प्रबंधात 'खालील शोधशब्द वापरले' असं लिहून ती ओळ जशीच्या तशी छापली, तर वाचणाऱ्याला नेमकं काय शोधलं गेलं ते कळणं शक्य नाही.

शोधवाक्याचं झाड काढावं का, कसं काढावं, त्याचा उपयोग कुठवर आणि मर्यादा कोणत्या, हा या लेखाचा विषय. नांदेड-लातूर भागातल्या संशोधकांसाठी हा प्रश्न आज जास्त निकडीचा आहे, असं मला वाटतं. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्राची योजना सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं देशातल्या ६,३०० च्या आसपास सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांना खुली करायची, अशी ती योजना. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासारख्या संस्थेत कालपर्यंत 'लेख मिळत नाही' ही मोठी तक्रार होती. आता लेख आहे. तो सापडायला हवा. अडचण दाराशी होती ती शोधचौकटीत आली आहे.

मुळात झाड आपण नव्याने बनवत नाही. शोधयंत्र कोणतंही असो, ओळ वाचताना ते आतल्या आत झाडच बांधतं. कंस आणि जोड यांच्यातून अशी रचना उलगडण्याची एक प्रसिद्ध रीत एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६१ मध्ये मांडली, आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती आजही शिकवतात. यंत्राला झाड दिसतं आणि माणसाला ओळ दिसते, इथेच सगळा घोटाळा आहे.

या तर्काचा पाया घालणारे जॉर्ज बूल यांची पुस्तकं १८४७ आणि १८५४ ची. त्यांचे समकालीन ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ मध्ये मदुराईचा. 'हे किंवा ते, दोन्ही नकोत' म्हणजे 'हेही नको आणि तेही नको', हा त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम शोधवाक्यात 'नॉट' कंसाच्या आत नेताना लागतो: नकार आत गेला की 'ऑर'चा 'अँड' होतो. बूल यांचं तर्कशास्त्र बीजगणितासारखं ओळीत लिहिलेलं होतं. ते डोळ्यांना दिसावं यासाठी पुढे दोन वाटा निघाल्या. जॉन व्हेन यांनी १८८० मध्ये एकमेकांत शिरणारी वर्तुळं काढली. ती आपल्या शाळेच्या गणितातही आली. गोटलोब फ्रेगे यांनी १८७९ मध्ये तर्कवाक्यं दोन दिशांना पसरणाऱ्या रेषांनी लिहायची पद्धत काढली. तिला त्या काळी कुणी फारसं उचलून धरलं नाही; जागा फार खाते, अशी टीका झाली. वर्तुळं लोकप्रिय झाली, पण तीन संकल्पनांच्या पुढे ती हाताने काढणं अवघड होत जातं आणि चार-पाचानंतर वाचणंही. खरं शोधवाक्य तीस-चाळीस शब्दांचं असतं. तिथे फ्रेगे यांच्या जातीची, फांद्या फुटणारी आकृतीच टिकते. हा निवाडा माझा. पण पुढच्या साधनांचा प्रवासही त्याच दिशेने झाला आहे.

ग्रंथालयात हा तर्क आला तो १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, मॉर्टिमर टॉब यांच्या एकशब्दी कार्डांतून: प्रत्येक शब्दाचं एक कार्ड, त्यावर दस्तऐवजांचे क्रमांक, दोन कार्डं शेजारी धरून सारखे क्रमांक शोधायचे. १९६४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची मेडलार्स ही संगणकावरची शोधव्यवस्था सुरू झाली, १९७१ मध्ये तिचं दूरसंचाराने वापरता येणारं रूप मेडलाइन आलं आणि १९९७ मध्ये पबमेड सगळ्यांना फुकट खुलं झालं. या शेवटच्या टप्प्यावर एक मोठा बदल घडला. तोवर शोधवाक्य लिहिणं हे प्रशिक्षित माणसाचं काम होतं. आता ते ज्याच्या हाती संगणक त्याचं झालं. वाक्यरचनेचं शिक्षण मात्र त्या वेगाने पोचलं नाही.

प्रशिक्षित माणसंही किती चुकतात, याचे पुरावे जुने आणि ठणठणीत आहेत. लँकेस्टर यांनी १९६८ मध्ये मेडलार्सची तपासणी केली, तेव्हा उपयुक्त लेखांपैकी सरासरी ५८ टक्क्यांच्या आसपासच हाती लागत होते. १९८५ मध्ये ब्लेअर आणि मॅरन यांनी एका मोठ्या खटल्याच्या सुमारे ४०,००० दस्तऐवजांवर प्रयोग केला. वकिलांना वाटत होतं की आपल्याला पाऊण माल मिळाला. प्रत्यक्षात मिळाला होता एकपंचमांश. का? कारण एक पक्ष ज्याला 'अपघात' म्हणत होता त्याला दुसरा पक्ष 'घटना', 'परिस्थिती', 'अडचण' असं काहीबाही म्हणत होता. 'ऑर'च्या फांदीला ही पानं लावायची राहून गेली होती, आणि राहिल्याचं कळायला काही मार्ग नव्हता. २००६ मध्ये सॅम्पसन आणि मॅकगोवन यांनी पद्धतशीर आढाव्यांतली (सिस्टिमॅटिक रिव्ह्यू) ६३ मेडलाइन शोधवाक्यं तपासली. नव्वद टक्क्यांहून अधिक वाक्यांत किमान एक चूक निघाली: चुकलेलं स्पेलिंग, सुटलेला पर्याय, चुकीचा जोड, चुकीच्या ओळीचा क्रमांक. हे आढावे छापून आलेले होते आणि काहींवर उपचारांचे निर्णय अवलंबून असतात.

या चुका कमी करण्यासाठी आकृतीचा आधार घ्यायचे प्रयत्न गेली तीस-पस्तीस वर्षं चालू आहेत. १९९३ मध्ये डेगी यंग आणि बेन श्नायडरमन यांनी प्रवाहाची आकृती केली: माहितीचा प्रवाह गाळण्यांतून वाहतो, एकापुढे एक गाळणी म्हणजे 'अँड', शेजारी-शेजारी फुटलेले पाट म्हणजे 'ऑर'. नवख्या लोकांवर चाचणी घेतली, तर लेखी आज्ञावलीपेक्षा या आकृतीवर त्यांनी जास्त उत्तरं बरोबर दिली. त्याच सुमारास ॲन्सेल्म स्पेरी यांनी 'इन्फोक्रिस्टल' नावाने व्हेन आकृतीचा स्फोट करून तिचे तुकडे स्फटिकासारखे मांडले. कल्पना देखणी होती, पण वाचायला शिकावं लागत होतं, आणि ज्या आकृतीचं आधी व्याकरण शिकावं लागतं ती घाईत असलेला संशोधक उघडत नाही.

अलीकडची दोन साधनं या विषयाच्या अगदी मुळाशी आहेत. टोनी रसेल-रोझ यांचं 'टूडीसर्च' शोधवाक्य एका फळ्यावर ठोकळ्यांच्या रूपात मांडतं. ठोकळ्यात ठोकळा म्हणजे कंसात कंस. ठोकळा उचलून दुसरीकडे ठेवला की वाक्य आपोआप बदलतं. दुसरं ऑस्ट्रेलियातल्या हॅरिसन स्केल्स आणि गुइडो झुकॉन यांचं 'सर्चरिफायनर', २०१८ चं. ते पद्धतशीर आढाव्याचं शोधवाक्य घेतं आणि त्याचं झाडच काढतं. त्यातही महत्त्वाची गोष्ट म्हणजे फांदी किती लेख आणते याचा आकडा त्या फांदीपाशीच दिसतो. ओळीत लिहिलेलं वाक्य शेवटी एकच आकडा देतं. झाड प्रत्येक सांध्यावर देतं. एखाद्या पानाखाली शून्य दिसलं की तिथे बहुधा स्पेलिंग चुकलं. एकाच पानाने बाकी सगळ्या भावंडांच्या कितीतरी पट लेख आणले की तो शब्द फार मोघम आहे. तीन मोठ्या फांद्या 'अँड'ने जोडल्यावर एकदम मूठभरच लेख उरले, तर तीनपैकी कोणती फांदी गळा आवळते आहे ते एकेक फांदी काढून पाहता येतं.

यासाठी साधन नसलं तरी अडत नाही. पबमेडच्या प्रगत शोधाच्या पानावर प्रत्येक शोधाची नोंद क्रमांकासह आणि लेखसंख्येसह राहते. एकेक पान वेगळं चालवायचं, मग 'पहिली ऑर दुसरी ऑर तिसरी' असं क्रमांकांनी जोडायचं, मग ते मोठे गट 'अँड'ने जोडायचे. कागदावर झाड काढून प्रत्येक सांध्याशी तो क्रमांक आणि तो आकडा लिहिला की झालं. नांदेडच्या किंवा लातूरच्या कुठल्याही महाविद्यालयात हे आज, एक पैसा न खर्चता, शिकवता येतं. मी तर म्हणेन की साधन उघडण्याआधी एकदा हाताने काढलंच पाहिजे.

फांद्या पाडायच्या कशा, याचं उत्तर आपल्याच देशात आहे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे पैलू पाडले. पुढे त्यांना व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ अशा पाच वर्गांचं रूप आलं. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत हे पाठ करून लिहितात आणि शोधचौकटीसमोर बसलं की विसरतात. प्रत्यक्षात शोधवाक्याच्या झाडाचा वरचा मजला म्हणजे हे पैलूच: प्रत्येक पैलूची एक फांदी, फांद्या आपापसांत 'अँड'ने बांधलेल्या, आणि फांदीच्या आत त्या पैलूची सगळी नावं 'ऑर'ने.

स्थळाची फांदी मराठवाड्यात विलक्षण दाट होते. किल्लारीचाच भूकंप घेऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या या भूकंपाला भूगर्भशास्त्राच्या लेखनात कुणी लातूरचा म्हणतं, कुणी किल्लारीचा. भारतीय भूवैज्ञानिक संस्थेने १९९४ मध्ये त्यावर ग्रंथ काढला तो लातूरच्या नावाने. जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या पुनर्वसन प्रकल्पाच्या नावात मात्र लातूर नाही. तिथे 'महाराष्ट्र' आहे. उद्ध्वस्त गावं लातूर आणि उस्मानाबाद या दोन्ही जिल्ह्यांतली, म्हणून काही ठिकाणी जोडनाव येतं. उस्मानाबादचं २०२३ मध्ये धाराशिव झालं. आणि १९९६ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्रीत या भूकंपातून वाचलेल्यांच्या मनोविकारांवर जो प्राथमिक अहवाल आला, त्याच्या शीर्षकात फक्त 'तीव्र भूकंप' आहे, गावाचं वा जिल्ह्याचं नावच नाही. केवळ शीर्षकात 'लातूर' शोधणाऱ्याला या विषयावरचा एक कळीचा लेख दिसणारच नाही. स्थळाची फांदी अशी होते: लातूर, किल्लारी, उस्मानाबाद, धाराशिव, मराठवाडा, आणि 'महाराष्ट्र' हे पान घ्यायचं तर त्याला १९९३ ची अट बांधून, म्हणजे फांदीच्या आत आणखी एक छोटा 'अँड'. ओळीत लिहिलं तर हा आतला 'अँड' कुठल्या कंसात पडला ते शोधताना डोळे दुखतात. झाडात तो एका नजरेत दिसतो.

काळ मागे गेला की फांदी आणखी वाढते. लातूर जिल्हा झाला तो ऑगस्ट १९८२ मध्ये, उस्मानाबादमधून. त्याआधीचं औसा, निलंगा, उदगीरचं जिल्हावार लेखन उस्मानाबादच्या नावावर आहे; निलंगा, उदगीरचं १९५६ पर्यंतचं मात्र बिदरच्या. १९४८ च्या आधीचं सगळं हैदराबाद संस्थानाच्या नावाखालीही येतं. इंपीरियल गॅझेटियरमध्ये नांदेड हे 'नांदेर' म्हणून येतं. शीख धर्मावरच्या लेखनात तेच नांदेड हजूर साहिब होतं, अबचलनगर होतं. शोधगंगेवर या भागावरचे पीएच.डी. प्रबंध शोधायचे तर नांदेडचं विद्यापीठ १९९४ चं. त्याआधीचे प्रबंध तेव्हाच्या औरंगाबादच्या विद्यापीठाकडे, ज्याचं नावही त्याच वर्षी बदललं. ही यादी एका संशोधकाने एकदा नीट केली तर पुढच्या दहा जणांना फांदी आयती मिळेल.

'नॉट'बद्दल थोडं कठोर बोलायला हवं. लातूरच्या भूकंपावर शोधताना कोयनेचे लेख मध्ये येतात म्हणून 'नॉट कोयना' असं लिहायचा मोह होतो. १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि १९९३ चा किल्लारीचा, दोन्ही दख्खनच्या पठारावरचे. कोयनेचा संबंध धरणाच्या पाण्याशी जोडला जातो. किल्लारीचा भूकंप ज्या भूभागात असं काही होणार नाही असं मानलं जात होतं, तिथे झाला. म्हणूनच अभ्यासकांनी त्यांची तुलना केली आहे. 'नॉट कोयना' लिहिलं की हे तुलनेचे लेख, म्हणजे विषयातला सगळ्यात सकस भाग, गळून पडतात. झाडात 'नॉट'ची फांदी वेगळ्या रंगाने काढावी आणि ती तोडण्याआधी तिच्यावर काय आहे ते पाहावं: 'नॉट'च्या जागी तात्पुरता 'अँड' लावून शोध चालवला की कापला जाणारा भाग समोर येतो. पहिली पंचवीस शीर्षकं वाचली तरी पुरतं.

आतापर्यंतचं सगळं इंग्रजी भांडारांबद्दल होतं. मराठीत शोधायला गेलं की झाडाची गरज दुप्पट होते, आणि या बाजूचा विचार या विषयावरच्या परदेशी लेखनात फारसा दिसत नाही. मराठीत नाम विभक्ती घेताना स्वतःच बदलतं. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी तारांकन लावलं की उरलेली रूपं सापडतात. मराठीत 'भूकंप' आणि 'दुष्काळ' यांना ते चालतं: भूकंपाचा, भूकंपग्रस्त, दुष्काळामुळे, दुष्काळी, सगळं येतं. पण 'विहीर'ला तारांकन लावलं तर 'विहिरीचं' सापडत नाही, कारण 'ही' ऱ्हस्व झाली. 'पाणी'ला लावलं तर 'पाण्याचा' निसटतो. 'पाऊस' आणि 'पावसाने' यांच्यात पहिल्या अक्षरानंतर वाट फुटते. 'ऊस' आणि 'उसाला' यांचं तर पहिलं अक्षरच वेगळं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला 'जलदूत' रेल्वेने पाणी आलं. त्या टंचाईत उसाचा वाटा किती, यावरचं मराठी लेखन शोधायचं आहे असं समजू. साधा विद्यार्थी 'लातूर अँड पाणी अँड ऊस' लिहील. तीन शब्द, तिन्ही बरोबर. आणि तरी 'लातूरच्या पाण्याचा आणि उसाचा प्रश्न' अशा शीर्षकाचा लेख, शब्दशः जुळणी करणाऱ्या भांडारात, तिन्हींपैकी एकाही शब्दाने सापडणार नाही. झाड असं हवं:

अँड
├─ लातूर*
├─ ऑर
│　├─ पाणी*
│　├─ पाण्या*
│　├─ टंचाई*
│　└─ जलदूत*
└─ ऑर
　　├─ ऊस*
　　├─ उसा*
　　└─ साखर कारखान*

शेवटच्या पानात 'कारखान' असं तोडलं आहे, म्हणजे 'कारखाना', 'कारखान्याचे' आणि 'कारखाने' तिन्ही येतील. इथे 'ऑर' नुसते समानार्थी शब्द जोडत नाही. एकाच शब्दाची व्याकरणाने वेगळी झालेली रूपंही जोडतो. मला तर हे दोन वेगळे थर वाटतात: वरचा 'ऑर' अर्थाचा, खालचा रूपांचा. झाडात ते वेगळ्या पातळीवर काढले तर पुढे कुणालाही खालचा थर तसाच उचलून दुसऱ्या विषयात वापरता येईल.

'शेतकरी' हा शब्द मराठवाड्यावरच्या संशोधनात सगळ्यात जास्त लागणारा, आणि सगळ्यात जास्त दगा देणारा. 'शेतकर' इथे तोडून तारांकन लावलं तर 'शेतकऱ्यांच्या' बऱ्याचदा येत नाही, कारण त्यातला ऱ संगणकाच्या लेखी वेगळं अक्षर आहे. त्यातही तो दोन प्रकारे टंकित होतो: कुणी वेगळा ऱ वापरतं, कुणी साध्या र ला हलन्त देऊन अदृश्य जोडचिन्ह घालतं. पडद्यावर दोन्ही सारखे, पण भांडाराने ते आधी एकसारखे करून घेतले नसतील तर शोधयंत्राला दोन वेगळे शब्द. 'शेतक'पाशी तोडलं तर दोन्ही येतात, आणि सोबत 'शेतकी'ही येतं. तेवढी भेसळ सोसावी. उलट टोकाचा त्रास 'तूर' देतो. काही लहान ग्रंथसूची शब्दाच्या पोटातला तुकडाही जुळवतात. तिथे तुरीच्या भावावर शोधा, 'लातूर'चं प्रत्येक पुस्तक हजर होतं. आणि 'तुरीचे भाव' मात्र ऱ्हस्व-दीर्घामुळे गैरहजर.

बोलण्यातला 'आणि' हाही एक सापळा. ग्रंथालयात येऊन कुणी 'नांदेड आणि लातूरचे लेख द्या' म्हणतं, तेव्हा त्याला दोन्ही जिल्ह्यांचे मिळून सगळे लेख हवे असतात. शोधयंत्राला 'अँड' सांगितलं तर ज्या लेखात दोन्ही नावं आहेत तेवढेच मिळतील. ओळ लिहिताना हात आपसूक 'अँड'कडे जातो. झाड काढताना मात्र नांदेड आणि लातूर ही एकाच स्थळफांदीची भावंडं आहेत हे दिसतं, आणि भावंडांच्या डोक्यावर 'ऑर' बसवायचा हे ओघाने येतं.

आता शोधवाक्य लिहून घ्यायला बरेच जण चॅटजीपीटीकडे जातात. यावर स्केल्स आणि झुकॉन यांच्याच गटाने २०२३ मध्ये अभ्यास केला. यंत्राने लिहिलेल्या वाक्यांनी आणलेले लेख बऱ्यापैकी नेमके होते, पण उपयुक्त लेख सुटण्याचं प्रमाण मोठं होतं. तोच प्रश्न पुन्हा विचारला की वाक्य बदलत होतं, आणि वैद्यकीय विषयसंज्ञांत चुका होत होत्या. घाईच्या माहितीसाठी हे चालेल. पद्धतशीर आढाव्यात सुटलेला लेख हाच खरा तोटा असतो, तिथे चालणार नाही. पण माझा आक्षेप यंत्राने वाक्य लिहिण्यावर नाही. वाक्य कुणीही लिहो, त्याचं झाड काढून प्रत्येक सांध्यावरचा आकडा पाहिल्याशिवाय ते वापरू नये. दोन पानं लांबीचं, सफाईने कंस जुळलेलं वाक्य पाहून विश्वास बसतो. कंस जुळणं आणि फांदी योग्य जागी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

झाडाच्या मर्यादाही आहेत. शंभर-दीडशे शब्दांचं झाड एका पानावर मावत नाही आणि मावलं तरी कुणी वाचत नाही. फांद्या मिटवून फक्त वरचा मजला दाखवायची सोय नसेल तर आकृती ही नुसती शोभा होते. एकच गट वाक्यात दोनदा आला तर झाडात तो दोनदा काढावा लागतो, आणि एकीकडे दुरुस्ती केली की दुसरीकडे राहून जाते. 'हे दोन शब्द एकमेकांपासून पाच शब्दांच्या आत हवेत' अशी जवळिकीची अट झाडात नीट बसत नाही. आपल्याकडे तर बरेच विद्यार्थी मोबाइलवरच शोधतात. आडवं पसरलेलं झाड त्या पडद्यावर निरुपयोगी आहे. म्हणून वर मी दाखवली तशी, डावीकडून जागा सोडत खाली उतरणारी मांडणी मला सगळ्यात व्यवहार्य वाटते. ती झाडच आहे, वहीत लिहिता येते, टंकित करता येते आणि मोबाइलवरही वाचता येते.

शोध कसा केला हे पूर्ण छापावं, असा आग्रह जगात वाढतो आहे. २०२१ मध्ये आलेली 'प्रिस्मा-एस' ही मार्गदर्शक सूची त्यासाठीच आहे. आपल्या पीएच.डी. प्रबंधांत 'पूर्वसंशोधनाचा आढावा' हे प्रकरण हमखास असतं, पण तो आढावा कुठल्या शोधातून आला ते क्वचितच लिहिलेलं असतं. नांदेडच्या विद्यापीठाने परिशिष्टात एका पानाचं शोधझाड मागितलं, भांडाराचं नाव, तारीख आणि प्रत्येक सांध्यावरच्या आकड्यांसह, तर मार्गदर्शकाला आणि बाहेरच्या परीक्षकाला पहिल्यांदाच काहीतरी तपासता येईल. त्याच्याबरोबर विद्यापीठाचं भाषा संकुल आणि ग्रंथालय यांनी मिळून रूपांची एक सामाईक यादी करावी: ऊस-उसा, पाऊस-पावसा, विहीर-विहिरी, पाणी-पाण्या, तूर-तुरी, मूल-मुला, शेतकरी-शेतकऱ्या, आणि त्याच्या शेजारी मराठवाड्यातल्या जिल्हा-तालुक्यांची जुनी-नवी नावं, कोणत्या सालापासून कोणतं हे सांगून. काम भाषेच्या दोन-तीन प्राध्यापकांचं आणि एका ग्रंथपालाचं आहे, एका सत्रात होण्याजोगं. एकदा झालं की शेतीवर शोधणारा, पाण्यावर शोधणारा आणि भूकंपावर शोधणारा, तिघेही खालच्या फांद्या तिथूनच उचलू शकतील.